कडक भाकरीचा पिझ्झा, चौघींसाठी

केळीला साल असते.

सोमवार आठवड्यातून एकदाच येतो.

अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्या पाण्याचं तिकीट फाडू का?" मी म्हणाले, "फाडा की. पण मग खिडकीची सीट द्या त्याला."

स्टीलच्या ताटलीला पाठीमागून लावलेला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

साहित्य: कडक भाकरी चार. टोमॅटो, लसूण, लाल तिखट, मीठ. कांदा, ढोबळी मिरची, चीज. पाणी अजिबात लागत नाही, त्यामुळं दुष्काळात करायला उत्तम.

"आवडली का गं तिला भाजी?" आई रोज विचारायची. "लई आवडली," मी रोज सांगायची.

दात पडलेलं माणूस कडक भाकरी दुधात भिजवून खातं.

*

आता क्रमानं सांगते. नाहीतर म्हणतील, विशाखा रागाच्या भरात काहीही बोलते.

लातूर जिल्हा होणार म्हणून तिथं नव्या कचेऱ्या उघडायला लागल्या आणि माझ्या बाबांची नांदेडहून तिकडं बदली झाली. ते महसूल खात्यात कारकून होते. १९८२चा जून होता, मी सहावीत होते. नव्या शाळेत कुणी ओळखीचं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी आपलं दप्तर उचलून माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "तिथं पंखा लागत न्हाई." माझ्याही बाकावर पंखा लागत नव्हता. ती नीला. लिंगायत वाण्याची, गंजगोलाईत वडिलांचं भुसाराचं दुकान. आम्ही बौद्ध. हे तिला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं. हजेरीत आडनावं रोज घेतली जायची.

मधल्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली बसायचो. नीला डब्याच्या वरच्या खणातली कडक भाकरी काढायची, गुडघ्यावर ठेवून मोडायची, पापड मोडल्यासारखा आवाज यायचा आणि मोठा तुकडा ती मला द्यायची. वरून शेंगाची चटणी. खालच्या खणात आमटी नाहीतर दही असायचं. ते ती वर्गातच संपवून यायची. "सांडतं गं," म्हणायची.

माझी आई, सरजाबाई, माझ्या डब्यात दोघींपुरती भाजी घालायची. अंबाडीची, लसणाची खमंग फोडणी दिलेली. "त्या वाण्याच्या पोरीलाबी दे. ती तुला देते, आपण नको द्यायला?" पण नीलाचा उपास असायचा. सोमवारी असायचा, तसा बुधवारीही असायचा. भाकरी तर खातेस की, असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाली, "माझा भाजीचा उपास हाय. सोमवार धरलाय." त्या दिवशी शुक्रवार होता. मला वाटलं, असेल त्यांच्यात तसं. उलट मला तिची दया यायची, एवढ्याशा पोरीला किती उपास. मग शाळेच्या हौदामागं जाऊन मी तिच्या वाटणीची भाजीसुद्धा खायची, म्हणजे डबा रिकामा दिसेल आणि आईला वाईट वाटणार नाही.

लिंबाखालची ती भाकरी मी कुणाला सांगितली नाही? कॉलेजात सांगितली, सासरी सांगितली, ग्रंथालयात बरोबर काम करणाऱ्यांना सांगितली. माझी लेक उत्पला लहानपणी ह्या गोष्टीवर जेवली आहे. एक होती विशाखा, एक होती नीला आणि एक होती भाकरी. कुणी म्हणालं, की आपल्याला शाळेत फार सोसावं लागलं, की मी म्हणायची, सगळीच माणसं तशी नसतात. माझ्याकडं पुरावा आहे. कटकन मोडायचा पुरावा.

*

कृती. पहिली पायरी: भाकरी तुमच्याकडं कडक नसेल तर हा पदार्थ करू नका. मऊ भाकरीवर रस टाकला की तिचा लगदा होतो. कडक भाकरीला पीठ पातळ थापावं लागतं, भाजल्यावर तव्याच्या कडेला उभी करून बारीक आचेवर सुकवावी लागते. साध्या भाकरीपेक्षा तिला दुपटीनं वेळ लागतो. हे विसरू नका. पुढं लागणार आहे.

*

ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात उत्पला तिथं मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती. मी विष्णुपुरीला राहते, नोकरी तिथंच. पाण्यावाचून तिचं वसतिगृह बंद झालं. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर, शिकवणीचे वर्ग लातूरला, आणि पोरीला राहायला जागा नाही. मी नीलाला फोन केला. आमचा फोन कधी तुटला नव्हता.

"माडीवरची खोली रिकामीच हाय," नीला म्हणाली. "अन् आमच्या बोअरला अजून पाणी हाय, शिवाची कृपा. पाठवून दे पोरगी."

"भाडं किती देऊ, ते..."

"भाड्याचं नाव काढलंस तर चप्पल घेऊन नांदेडला येईन."

आता सांगा, कुणाला रडू येणार नाही? मला आलं. फोन ठेवून मी उत्पलाला म्हणाले, बघ. भाकरी बघ.

त्यानंतर मी एक रविवार सोडून एक रविवार लातूरला जायची. रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्याकडंही नळ एक दिवसाआडच, पण पाणी होतं. दोन मोठे कॅन भरून घ्यायची, आणि अर्धापूरच्या केळीचा फणा. कॅन एसटीत चढवताना खांदा निघायचा. नीलाची म्हातारी आई नागम्माबाई, वडील गेल्यापासून लेकीकडंच राहते, ती केळी स्वतःच्या हातानं घ्यायची. "यव्वा, अर्धापूरची का? लई गोड असतेत." कॅनकडं बघून म्हणायची, "ते मागं ठेव."

मी मागं ठेवायची. मागं म्हणजे थंड जागी, असं मला वाटायचं.

*

आमच्या शाळेच्या बॅचचा मोबाईलवर ग्रुप आहे. तिथं कुणीतरी टूम काढली, 'डब्याचा रविवार'. शाळेत जे डब्यात आणायचो ते नव्या रूपात करायचं आणि फोटो टाकायचा. नीलाचा लगेच फोन. "विशाखा, आपण दोघींनी मिळून टाकायचा. कडक भाकरीचा पिझ्झा! टीव्हीवर बघितलं मी, तव्यावर होतोय. उत्पलाला येतो म्हणे."

त्या रविवारी नीलाचे मालक गुरुपादप्पा कुणाच्या तरी लग्नाला निलंग्याला गेले होते. घरात आम्ही चौघी. नागम्माबाई मधल्या खोलीत कॉटवर, डोक्यावर भिंतीला बसवण्णांचा फोटो, त्याला ताजा हार. उत्पला गॅसपाशी, मी कांदा चिरायला, नीला मोबाईल घेऊन उजेड शोधत.

"त्या टमाट्यात पाणी घालू नको बरं उत्पला," नीला म्हणाली. "आटू दे चांगलं."

"मावशी, सॉस हाय तो. आमटी न्हाई."

"काय की बाई. नाव इटलीचं अन् गॅस माझा."

"तुमचा गॅस अन् माझी अक्कल. फोटोत कुणाचं नाव आधी टाकणार?"

आम्ही तिघी हसलो. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यानंतर लगेच नागम्माबाईंचा आवाज आला. गोड आवाज, त्यात जराही राग नाही.

"ए पोरी, काय करायलीस गं?"

"पिझ्झा, आज्जी. भाकरीवर टमाटे, कांदा, चीज. तुमच्यासाठी रस जास्त घातलाय."

"आमच्या दोन भाकरी कोरड्याच ठेव गं यव्वा. वरचं नीला करून लावंल तिच्या हातानं."

मीच हसत म्हणाले, "आई, कोरडी चावंल का तुम्हाला? एक तरी दात उरलाय का?"

"चावंल, चावंल. कोरडीच बरी."

गेल्या खेपेला हीच म्हातारी माझ्यासमोर कडक भाकरी दुधात भिजवून, चमच्यानं कुस्करून खात होती. 'विशाखा, दात गेले अन् भाकरीची मजा गेली,' असं म्हणाली होती. मी नीलाकडं पाहिलं. नीला मोबाईलमध्ये बघत होती. मोबाईलचा पडदा काळा होता.

उत्पलानं मात्र काही विचारलं नाही. चारातल्या दोन भाकरी उचलल्या आणि बाजूच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. रोजचं काम असल्यासारखं. मग ताटल्या घ्यायला वळली. तीन मांडणीवरून घेतल्या आणि चौथी खिडकीत ठेवलेली. ती घेताना मला तिची पाठ दिसली. लाल ठिपका.

"हे काय?"

"माझी ताटली."

"ठिपका कशाला?"

"ओळखायला."

"कुणाला ओळखायला?"

उत्पलानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मागच्या बाकावरच्या मुलाकडं बघतात. "आई, आता नको ना."

*

दुसरी पायरी: भाकरीवर रस पसरा. कडेपर्यंत नको. वर कांदा, मिरची, किसलेलं चीज. तव्यावर ठेवा.

*

"नीला," मी म्हणाले, "हे कधीपासून?"

"आईचं वय बघ की गं. ह्या वयात काय बदलणार ती? ठिपका तिनं लावला, मी न्हाई लावला."

"आणि कोरडं-ओलं?"

नीलाचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं सांगत नाही. आता आपण असं काहीतरी सांगणार आहोत की सगळं मिटेल, असा. तिनं माझा हात हातात घेतला.

"तुला मी कधी सांगितलं न्हाई. ऐकून बरंच वाटंल तुला. आमच्याकडं रोज कडक भाकरी नसायचीच. कडक आम्ही सणाला, प्रवासाला करायचो. मी डब्यात साधी भाकरी अन् भाजी न्यायची. मग तू आलीस. मी आईजवळ हट्ट धरला, मला विशाखाला द्यायचंय. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, कोरड्याला विटाळ लागत न्हाई, कोरडं देत जा, ओलं देऊ नको अन् तिचं काही घेऊ नको. अन् तेव्हापासून पहाटे उठून कडक करायला लागली. वर्षभर! केवढे कष्ट गं तिला. ती भाकरी तुझ्यासाठीच होती, विशाखा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझ्या आभाराची वाट बघत होती.

पहाटे उठून. तव्याच्या कडेला उभी करून. दुपटीचा वेळ. म्हणजे एका बाईनं वर्षभर स्वतःची झोप मोडली, सरपण जाळलं, हात भाजून घेतले, कशासाठी? माझ्या बोटांना तिच्या लेकीची आमटी लागू नये म्हणून. साधी भाकरी आणि चमचाभर भाजी दिली असती तर कष्ट वाचले असते. तेवढं सोपं तिला जमलं नाही. आणि डोक्यावर फोटो कुणाचा, तर ज्यांनी हे असलं सगळं मोडायला सांगितलं त्यांचा. त्यांना रोज ताजा हार. हारही ओलाच असतो की.

आणि माझी आई? तिनं वर्षभर दोघींपुरती भाजी केली. आवडली का गं तिला, म्हणून विचारत राहिली. ती हे जग सोडून गेली तेव्हाही तिला वाटत होतं, की वाण्याच्या पोरीला आपली अंबाडी लई आवडायची.

तव्यावरून चीज करपल्याचा वास आला. उत्पलानं गॅस बंद केला, पिझ्झा काढला, दोन भाकरींचे तुकडे केले. कटकन आवाज झाला. मी एक तुकडा उचलला, मोठा, आणि नीलापुढं धरला.

"खा."

"अगं..."

"तू मानत न्हाईस ना? आई मानते. आई आत हाय. खा."

नीलानं मधल्या खोलीकडं बघितलं. मग तुकड्याकडं. तिचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिच्या तोंडून जे आलं ते तिनं ठरवून म्हटलं नव्हतं, हे मी आजही मान्य करते.

"माझा उपास हाय गं. सोमवार धरलाय."

"नीला," मी म्हणाले, "आज रविवार हाय."

आतून नागम्माबाईंनी विचारलं, "झाला का फोटो?"

*

"बॅग भर," मी माडीवर जाऊन उत्पलाला सांगितलं.

ती आपली ठिपक्याची ताटली घेऊन पलंगावर बसली होती आणि पिझ्झा खात होती. चीजची तार ओठापासून ताटलीपर्यंत.

"मस्त झालाय," ती म्हणाली. "तू खाल्लास का?"

"उत्पला, बॅग भर."

"अन् जायचं कुठं?"

"घरी."

"घरी कोण शिकवणार? इथं सगळी पोरं वाळूत तोंड खुपसून पाणी शोधायलेत अन् मला माडीवर खोली हाय, बोअर हाय, दिवा हाय. परीक्षा झाल्यावर भरते बॅग."

"तुझा अपमान व्हायलाय इथं."

"व्हायलाय. मला दिसतंय की. पहिल्या दिवसापासून दिसतंय." तिनं बोटं चाटली. "तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी बॅग भरायला लावली असतीस. म्हणून न्हाई सांगितलं."

"आणि तू ते गिळत बसलीस?"

"आई, तुला तुझी आठवण पायजे, मला माझी सीट पायजे. तुझी भाकरी कडू झाली, त्याला मी काय करू? ती माझ्या जन्माआधीची हाय."

मला तिचा इतका राग आला, की नीलाचासुद्धा तेवढा आला नव्हता. आणि त्या रागाला बसायला जागा नव्हती, कारण पोरगी बरोबर बोलत होती. जाता जाता दारातून मी विचारलं, "मी आणते ते पाणी कुठं जातं?"

उत्पलानं मान वर केली नाही. "न्हाणीत," ती म्हणाली. "अन् संडासात."

विष्णुपुरीचं पाणी. लोह्याच्या, अहमदपूरच्या, चाकूरच्या स्टँडवरून, मांडीशी धरून नेलेलं. ज्या गावात माणसं पहाटेपासून टँकरपुढं घागरी लावून बसतात, त्या गावात माझं पिण्याचं पाणी प्यायच्या लायकीचं नव्हतं. केळी चालली. केळीला साल असते.

*

तिसरी पायरी: झाकण ठेवा. आच मंद. मध्येच उघडून बघू नका.

*

परतीच्या एसटीत मोबाईल वाजला. नीलानं ग्रुपवर फोटो टाकला होता. चकाकती ताटली, त्यावर पिझ्झा, बाजूला शेंगाची चटणी. खाली लिहिलं होतं: 'कडक भाकरी पिझ्झा. विशाखा आणि मी. तीच भाकरी, तीच मैत्री.' अंगठे, बदाम, डोळ्यांत पाणी आणणारे चेहरे. एकानं लिहिलं, 'असे डबे आता राहिले नाहीत.' दुसरीनं, 'तेव्हा जात-पात कुणाला माहीत होती?'

मी लिहायला घेतलं. चाकूर येईपर्यंत अंगठा दुखायला लागला. तेवढ्यात उत्पलाचा निरोप आला: 'आई, ग्रुपवर काही टाकू नको. परीक्षेनंतर टाक. प्लीज.' लिहिलेलं सगळं मी पुसलं. पुसताना वाटलं, आता मीही ओलं लपवायला लागले.

पण पुढच्या खेपेला केळी नेली नाहीत. आई करायची तशीच अंबाडीची भाजी केली, लसणाची फोडणी, तेल वर आलेलं, आणि डबा सरळ नागम्माबाईंच्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवला.

"काय गं हे?" म्हातारीनं विचारलं.

"ओलं हाय," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ठेव."

नीला दारात उभी होती. माझ्याशी नजर न मिळवता तिनं पाण्याचा कॅन उचलला आणि मागं नेला.

डबा त्याच्या पुढच्या खेपेला मला परत मिळाला, धुऊन, पुसून. भाजी कुठं गेली ते मी उत्पलाला विचारलं नाही. दुसरा डबा ठेवला. परीक्षेपर्यंत प्रत्येक खेपेला ठेवला. कोरडं काही नेलं नाही.

परीक्षा झाली. उत्पला बॅग घेऊन घरी आली. ताटलीही घेऊन आली, नीला नको म्हणत असताना. "माझी हाय," म्हणाली, "ठिपका बघा की."

त्याच दिवशी मी ग्रुपवर कृती टाकली, साहित्यापासून झाकणापर्यंत. शेवटी लिहिलं: 'टीप. ज्यांचा रविवारीसुद्धा सोमवार असतो, त्यांच्या भाकऱ्या कोरड्याच ठेवाव्यात. आमच्या शाळेत तशा ठेवल्या जायच्या. मला हे आत्ता कळलं.'

मग एकीनं विचारलं, 'चीजऐवजी पनीर चालेल का?'

नीलाचा फोन आला नाही. तिनं वाचलं होतं, ते दिसत होतं.

१९८२च्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला त्या दिवशी, शाळेच्या मैदानावर झेंड्यासमोर उभं असताना नीलाला उन्हानं चक्कर आली, आणि ती माझ्या बाटलीतलं पाणी तोंड लावून प्यायली.